शाळेच्या फॉर्मवर मराठी लिहा: अमेरिकेतल्या मराठी पालकांना खुलं पत्र

अमेरिकेतल्या मराठी आईबाबांनो,

सप्रेम नमस्कार.

जून-जुलैत शाळाप्रवेशाची गडबड सुरू झाली की आपल्या व्हॉट्सॲप गटांवर दरवर्षी तोच सल्ला फिरतो: "घरची भाषा विचारतील, तिथे सरळ इंग्लिश लिहा. मराठी लिहिलंत तर पोराला ईएसएलमध्ये टाकतात." दोघं-तिघं दुजोरा देतात, कुणाच्या ओळखीतल्या मुलाची गोष्ट निघते, आणि महिन्याभरापूर्वी पुण्याहून किंवा नागपूरहून आलेलं जोडपं तो सल्ला निमूटपणे पाळतं. मी न्यू जर्सीतल्या एका पब्लिक स्कूलमध्ये ईएसएल शिकवते, म्हणजे इंग्रजी शिकत असलेल्या मुलांची शिक्षिका आहे. त्यांच्या परीक्षा दर हिवाळ्यात मीच घेते. रविवारी मराठी शाळेत मुलांकडून बाराखडीही म्हणून घेते. म्हणून दोन्ही बाजू जवळून बघून सांगते, हा सल्ला चुकीचा आहे आणि त्याची किंमत मुलं मोजतात.

तो कागद आधी नीट बघू. प्रवेशाच्या गठ्ठ्यात 'होम लँग्वेज सर्व्हे' नावाचं एक पान असतं. राज्यागणिक शब्दरचना बदलते, प्रश्न मात्र साधारण तेच. मूल सगळ्यात आधी कोणती भाषा बोलायला शिकलं? घरात जास्त कोणती भाषा बोलली जाते? मूल स्वतः कोणती जास्त वापरतं? तुमच्या मुलाला इंग्रजी येतं की नाही, हे त्यात विचारलेलंच नसतं. तुम्ही मराठी लिहिलंत म्हणून मूल आपोआप ईएसएलमध्ये जात नाही. शाळा त्याची एक छोटी चाचणी घेते, काही ठिकाणी त्याआधी पालकांशी बोलते, जुनी प्रगतिपुस्तकं बघते. इंग्रजी पुरेसं आहे असं दिसलं की विषय तिथेच संपतो आणि मूल नेहमीच्या वर्गात बसतं. घरी चोवीस तास मराठी बोलणारी आणि पहिल्याच चाचणीत पार होणारी मुलं मी दर सप्टेंबरमध्ये बघते. त्यांच्या आईवडिलांनी फॉर्मवर खरं लिहिलेलं असतं आणि त्यांचं काहीही बिघडलेलं नसतं.

काहींच्या मनात व्हिसाची भीती असते. एच-१बी वर आलोय, उगाच कुठल्या यादीत नाव नको, असं मला हळू आवाजात सांगणारे पालक भेटलेत. हे पान मुलाला शाळेत कोणती मदत लागेल ते ठरवण्यासाठी आहे. इमिग्रेशनच्या चौकशीसाठी ते नाही. कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही पब्लिक स्कूलचा दरवाजा बंद करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये 'प्लायलर विरुद्ध डो' खटल्यात ठरवलं. तुम्ही तर रीतसर व्हिसावर आलेले आहात.

हा कागद आला कुठून, तेही माहीत असायला हवं. १९७० च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांमध्ये चिनी वंशाची सुमारे १८०० मुलं इंग्रजी येत नसताना, कोणतीही जादा मदत न मिळता वर्गात बसत होती. शाळा-प्रशासनाचं म्हणणं असं की सगळ्यांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक आणि तोच अभ्यासक्रम आहे, मग अन्याय कसला? त्या मुलांचे पालक कोर्टात गेले. जानेवारी १९७४ मध्ये 'लॉ विरुद्ध निकोल्स' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. ज्या मुलाला वर्गातली भाषाच कळत नाही, त्याला इतरांसारखंच पुस्तक हातात दिल्याने समान वागणूक मिळत नाही, असा त्याचा आशय होता. आज तुमच्या मुलाला शाळा जी मदत देऊ करते, ती त्या पालकांनी लढून मिळवलेली आहे. २०१५ च्या 'एव्हरी स्टुडंट सक्सीड्स अ‍ॅक्ट' या कायद्याने त्यावर वेळापत्रकही घातलं. प्रवेशानंतर ३० दिवसांच्या आत शाळेने अशा मुलांची चाचणी घ्यायची, पालकांना कळवायचं, आणि पुढे दरवर्षी त्यांचं इंग्रजी मोजायचं. २०२१ च्या शरद ऋतूत अमेरिकेच्या पब्लिक स्कूलांमध्ये अशी सुमारे ५३ लाख मुलं होती, म्हणजे दर दहातलं एक. तुमचं मूल त्यांत असलं तर ते वर्गात एकटं पडलेलं नाही.

आता परीक्षेविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण बरीचशी भीती ती कशाची परीक्षा आहे हे न कळल्यामुळे आहे. न्यू जर्सीसह बहुतेक राज्यं 'वायडा' या संघटनेची परीक्षा वापरतात. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसनच्या आवारातून तिचा कारभार चालतो. कॅलिफोर्निया, टेक्सस आणि न्यू यॉर्क यांच्या परीक्षा वेगळ्या आहेत, पण सगळीकडे ऐकणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं असे चारही भाग असतात, कारण कायद्यालाच ते हवे आहेत. वायडाची वार्षिक परीक्षा साधारण जानेवारीनंतर होते. किंडरगार्टनच्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गातल्या मुलांची परीक्षा शिक्षिका समोर बसून, एकेकाला चित्रं दाखवत घेते. मोठी मुलं बहुधा संगणकावर देतात. बोलण्याच्या भागात कानाला हेडफोन, तोंडासमोर माइक, पडद्यावर चित्र आणि प्रश्न. आपलं मूल उत्तर देण्याआधी पडद्यावरचा एक नमुना-विद्यार्थी उत्तर देऊन दाखवतो. गुण १ ते ६ या पट्टीवर येतात, दशांशासह.

आपल्याकडचे पालक हे ऐकून दुकानातून व्याकरणाच्या वह्या आणतात आणि मुलाला काळ आणि शब्दयोगी अव्ययं गिरवायला बसवतात. त्याचा इथे फारसा उपयोग नाही. शाळेत विज्ञान, गणित आणि इतिहास शिकताना जे इंग्रजी लागतं, ते मुलाला वापरता येतं का, हे ही परीक्षा बघते. समजा, चित्रात बी रुजून रोप वर येताना दाखवलंय. मुलाला ते टप्पे क्रमाने सांगता येतात का? 'आधी', 'त्यामुळे', 'जर पाणी मिळालं नाही तर' अशा जोडण्या त्याला करता येतात का? दोन गोष्टींतला फरक सांगून त्यामागचं कारण देता येतं का? भारतातल्या चांगल्या इंग्लिश मीडियम शाळेतून चौथी-पाचवीत आलेली मुलं इथे अडखळतात ती बहुधा याच ठिकाणी. त्यांचं स्पेलिंग पक्कं असतं, वाचन चांगलं असतं, पण "का वाटतं तुला असं?" विचारलं की उत्तर एका ओळीत संपतं. मोठ्यांनी विचारलं तेवढंच बोलावं, हे आपण त्यांच्या अंगवळणी पाडलेलं असतं. मग नमुना-विद्यार्थ्याने चार वाक्यं बोलून दाखवलेली असतानाही आपला मुलगा माइकमध्ये "बिकॉज इट इज हॉट" म्हणून थांबतो. त्याला उत्तर येत असतं. परीक्षेला मात्र ऐकायला काहीच मिळत नाही.

मला सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न इथे येतो. "अहो, तो घरी बहिणीशी अस्सल अमेरिकन अ‍ॅक्सेंटमध्ये भांडतो. दोन वर्षं झाली इथे येऊन. तरी अजून ईएसएलमध्ये कसा?" आईच्या आवाजात काळजी असते, वडिलांच्या आवाजात बहुधा राग. टोरोंटोतले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये यावर महत्त्वाची मांडणी केली. मैदानावर, जेवणाच्या टेबलावर आणि मित्रांत लागणारी बोलण्याची भाषा मुलं दोनेक वर्षांत उचलतात. पाठ्यपुस्तकाची, कारणमीमांसेची, लिहिण्याची भाषा वयाच्या इतर मुलांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. हा फरक कानाला कळत नाही. अ‍ॅक्सेंट ऐकून आपण फसतो, अनेकदा वर्गशिक्षिकाही फसते. शिवाय वायडाच्या एकूण गुणांत वाचन आणि लेखनाला प्रत्येकी ३५ टक्के वजन आहे, ऐकण्या-बोलण्याला प्रत्येकी १५. म्हणजे तुमचा तो बडबड्या मुलगा बोलण्यात वरच्या पातळीवर असूनही लिहिण्यात मागे पडला की एकूण आकडा खालीच राहतो. न्यू जर्सीत कार्यक्रमातून बाहेर पडण्याच्या विचारासाठी एकूण ४.५ लागतात, इतर राज्यांचे उंबरठे वेगळे आहेत. म्हणून निकालाचा कागद आला की फक्त शेवटचा आकडा बघून हळहळू नका. चार भागांचे चार आकडे बघा. बोलणं ५.२ आणि लेखन ३.१ असेल, तर मुलाचं काम कुठे उरलंय ते त्या कागदावरच लिहिलेलं आहे. शिक्षिकेला नेमकं तेवढंच विचारा: लेखनासाठी वर्गात काय चाललंय?

'इंग्लिश' लिहून हे सगळं टाळता येतं, मग टाळू नये का? मी काय बघितलंय ते सांगते. पाच वर्षांची मुलगी. घरात आजी-आजोबा, बोलणं सगळं मराठीत, फॉर्मवर इंग्लिश. सप्टेंबरमध्ये ती वर्गात गप्प बसते. नव्या भाषेत पडलेली मुलं काही आठवडे, काही तर काही महिने फक्त ऐकत राहतात. ते नैसर्गिक आहे. पण कागद सांगतो की ही मुलगी इंग्रजी घरातली आहे. मग शिक्षिकेने काय समजावं? मुलगी बुजरी आहे, किंवा तिला बोलण्याची काही अडचण आहे. हळूहळू स्पीच थेरपीचा विषय निघतो, श्रवणतपासणी निघते, आणि मुळात हवी होती ती भाषेची मदत कुणालाच सुचत नाही, कारण ती हवी असल्याची खूण आपणच पुसलेली असते.

याच्या उलट घडतं तेव्हा नुकसान आणखी मोठं असतं. एखाद्या मुलाला खरोखरच बोलण्याची किंवा वाचण्याची अडचण असते. अमेरिकेच्या विशेष शिक्षणाच्या कायद्यानुसार अशा मुलाचं मूल्यमापन शक्य तिथे त्याच्या स्वतःच्या भाषेत व्हायला हवं. कारण साधं आहे. मराठीतही वाक्यं जुळत नसतील तर अडचण भाषेच्या मुळाशी आहे. मराठीत मूल घडाघडा गोष्ट सांगत असेल तर त्याला फक्त इंग्रजीला वेळ द्यायचा आहे. हा निवाडा मराठी जाणणारा माणूस किंवा दुभाषा बसल्याशिवाय होत नाही. शाळेच्या नोंदीत घरची भाषा इंग्लिश असेल तर तो माणूस बोलवायचं कुणाच्या मनातही येणार नाही. काळजीतल्या एका आईला हे मी समजावत होते, तेव्हा तिने त्याच दिवशी ऑफिसात जाऊन नोंद बदलून घेतली. अशी नोंद दुरुस्त करून मागता येते.

ही परीक्षा निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. अनोळखी पडद्याशी बोलायला आठ वर्षांचं मूल घाबरलं की त्याचा आकडा त्याच्या खऱ्या बोलण्यापेक्षा खाली येतो. परीक्षेचे चार भाग अनेक दिवसांत विभागले जातात आणि त्या दिवसांत मुलांचे वर्ग बुडतात. काही शाळांमध्ये ईएसएलसाठी मुलाला नेमकं विज्ञानाच्या किंवा चित्रकलेच्या तासाला बाहेर काढतात, हे मला अजिबात मान्य नाही आणि मी त्यावर माझ्या शाळेत बोलते. सर्वात जास्त मला सलतात ती वर्षानुवर्षं ४ च्या आसपास अडकलेली मुलं. पाच-सहा वर्षं उलटली तरी त्यांना तीच सोपी पुस्तकं वाचायला मिळतात. अशा मुलांच्या पालकांनी गप्प बसू नये. मुलाला कोणत्या तासातून बाहेर काढता, ते विचारा. ईएसएलची शिक्षिका नेहमीच्या वर्गात येऊन शिकवू शकेल का, ते विचारा. ईएसएलच्या शिक्क्यामुळे तुमच्या मुलाला हुशार मुलांसाठीच्या 'गिफ्टेड' कार्यक्रमातून किंवा वरच्या गणितातून सरसकट वगळता येत नाही. तसं कुणी सांगितलं तर ते लेखी मागा. आणि तुम्हाला ईएसएल नकोच असेल तर ते नाकारण्याचा हक्कही कायद्याने पालकांना दिलेला आहे. मूल दरवर्षी परीक्षा तरीही देईल, पण वर्गात बसवायचं की नाही हा निर्णय तुमचा. टाळायचंच असेल तर हा उघड रस्ता आहे. त्यासाठी फॉर्मवर खोटं लिहावं लागत नाही.

मुलाला ईएसएल लागेल असं शाळेचं पत्र आलं की अनेक घरांत त्याच रात्री ठरतं, आजपासून घरी फक्त इंग्रजी. मी हात जोडून सांगते, हे करू नका. कुठल्याही कायद्याला ते नकोय, कुठल्याही चांगल्या शिक्षिकेला नकोय. तुम्ही थकून घरी आल्यावर तुमच्या मोजक्या इंग्रजीत "फिनिश युवर फूड" एवढंच बोलणार असाल, तर मुलाला मिळणारी भाषा सगळ्याच बाजूंनी आटते. परीक्षेला हवं असलेलं 'आधी, मग, त्यामुळे' हे मराठीतही तेवढंच कमावता येतं आणि तिथून इंग्रजीत येतं. गणपतीत मोदक करताना उकड आधी का काढायची आणि ती गरम असतानाच का मळायची, हे मुलाला विचारा आणि त्याच्याकडून पूर्ण वाक्यांत उत्तर घ्या. आजीला फोनवर शाळेतला विज्ञानाचा प्रयोग मराठीत समजावून सांगायला लावा. आजी प्रश्न विचारेलच. "मग पाणी का नाही सांडलं?" या तिच्या एका प्रश्नाने माझं निम्मं काम होतं. मराठी पुस्तक मोठ्याने वाचून दाखवा आणि मधेच थांबून पुढे काय होईल आणि का, ते विचारा. माझ्या वर्गात लेखनात भरभर पुढे जाणारी मुलं बघितली, तर त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरी कुठल्या ना कुठल्या भाषेत अशा गप्पा होतात. ती भाषा मराठी आहे, तेलुगू आहे की स्पॅनिश, याने फरक पडलेला मला दिसला नाही.

मोठ्या मुलांच्या पालकांसाठी एक गोष्ट थोडक्यात. आठवी-नववीत थेट भारतातून आलेल्या मुलाला पहिल्या वर्षी राज्याच्या, सगळ्याच मुलांना असलेल्या इंग्रजी विषयाच्या परीक्षेतून (वायडाच्या नव्हे) एकदा सवलत मिळू शकते. पुढेही अनेक राज्यांत जादा वेळ आणि शब्दाला शब्द देणारा द्विभाषिक कोश चालतो. हे सगळं ईएसएलच्या नोंदीवर मिळतं. नोंद नसेल तर मूल तीच परीक्षा इतरांच्याच वेळात देतं. मराठीत मिळवलेलं प्रावीण्यही वाया जात नाही. कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये सुरू केलेला 'सील ऑफ बायलिटरसी', म्हणजे दोन भाषांतल्या प्रावीण्याचा शिक्का, आता बहुतेक राज्यांत आहे, बारावीच्या पदविकेवर तो लागतो. तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये मराठीसाठी कोणती परीक्षा ग्राह्य धरतात, ते नववीतच विचारून ठेवा. बारावीत धावपळ होते.

या वर्षी फॉर्म भराल तेव्हा घरात जे बोललं जातं तेच लिहा. दोन भाषा असतील तर दोन्ही लिहा. चाचणीच्या दिवशी मुलाला परीक्षा आहे म्हणून घाबरवू नका. एक बाई गप्पा मारणार आहेत, मोठं मोठं उत्तर दे, एवढं पुरे. मूल त्या दिवशी तापलेलं किंवा रडवेलं असेल तर दुसरा दिवस मागून घ्या, मी स्वतः असे दिवस बदलून देते. शाळेच्या पत्रात चारही भागांचे गुण आहेत का ते बघा. नसतील तर मागा. शाळेतल्या पालकसभेला आजी-आजोबा जाणार असतील आणि त्यांना इंग्रजी अवघड जात असेल, तर दुभाषा देणं ही शाळेची जबाबदारी आहे आणि त्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत. नातवाला दुभाषा म्हणून बसवू नका.

मराठी मंडळांना आणि मराठी शाळांच्या संचालकांनाही एक विनंती. ऑगस्टच्या शेवटी तुम्ही नव्या वर्षाची नावनोंदणी करता. त्याच दिवशी एक तास या विषयासाठी ठेवा. आपल्यातल्या किती तरी जणी इथल्या पब्लिक स्कूलांमध्ये शिकवतात, कुणी ईएसएल, कुणी स्पीच, कुणी विशेष शिक्षण. त्यांना बोलवा, खरा फॉर्म आणि निकालाचा कागद पडद्यावर दाखवा, नव्याने आलेल्या पालकांना प्रश्न विचारू द्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सल्ल्याला तिथे समोरासमोर उत्तर देता येईल. माझ्या भागातल्या मराठी शाळेत हे मी या ऑगस्टपासून सुरू करते आहे. तुमच्याकडे करायचं असेल आणि सुरुवात कशी करावी कळत नसेल, तर तुमच्या मुलाच्या शाळेतल्या ईएसएल शिक्षिकेलाच आधी विचारा. ती मराठी नसली तरी येईल.

आपली,
न्यू जर्सीतली एक ईएसएल शिक्षिका